ट्रकच्या काट्यामागचा माणूस : निकोला टेस्ला

पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर निपाणीपासून धारवाडपर्यंत टायरची दुकानं आणि गॅरेजं ओळीनं लागतात. जास्त भार झेपावा म्हणून कुणी ९.००-२० चे टायर काढून १०.००-२० चे चढवतो. कुणी घाटात ओढ कमी पडते म्हणून, कुणी सपाटीला डिझेल वाचावं म्हणून मागच्या अॅक्सलचे क्राउन-पिनियन बदलून घेतो. नट आवळले, हवा भरली, पैसे दिले, गाडी निघाली. मीटरकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. काटा पूर्वीसारखाच हलतो, दिवा पूर्वीसारखाच लागतो, मग बिघडलं काय?

बिघडलेलं असतं ते हिशोबात. काट्याला रस्ता दिसत नाही. त्याला कळतात त्या फक्त फेऱ्या. गिअरबॉक्समागचा शाफ्ट किती फिरला, एवढीच खबर त्याला पोचते आणि एका फेरीत गाडी किती पुढे गेली, हे कारखान्यानं एकदा ठरवून दिलेलं असतं. टायर किंवा गिअर बदलला की ते गणित जुनं होतं. काटा जुन्याच गणितानं बोलत राहतो.

फिरणाऱ्या वस्तूकडून खरं कसं वदवून घ्यायचं, या प्रश्नाभोवती ज्याचं बरंचसं आयुष्य गेलं, तो माणूस म्हणजे निकोला टेस्ला. घरातल्या विजेमुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. गाडीच्या वेगमापकाशी त्यांचं नातं मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

पाती नसलेलं पाणचाक

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ चा. गाव स्मिल्यान. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. घर सर्बियन. वडील मिलुटिन धर्मगुरू होते. आई ड्युका हिला शाळा मिळाली नाही, पण घरकामाची लहानमोठी अवजारं ती स्वतः बनवायची. आपल्या अंगचं कसब आईकडून आलं, असं टेस्ला पुढे आयुष्यभर मानत राहिले.

लहानपणी गावच्या ओढ्यावर निकोलानं एक पाणचाक बसवलं. लाकडाची गोल चकती, मधून काठी, आणि पाणी झेलायला पाती एकही नाही. तरी ते फिरलं. वाहतं पाणी गुळगुळीत चकतीला चिकटून तिला आपल्याबरोबर ओढत होतं. पोरखेळच तो. पण पन्नास वर्षांनी टेस्ला यांच्या दोन शोधांत हेच चाक परत आलं.

मोजायची खोडही लहानपणचीच. चालताना पावलं मोजायची. ताटातलं सूप, कपातली कॉफी, तोंडातला घास यांचं घनफळ मनात काढायचं, त्याशिवाय जेवण गोड लागायचं नाही. एकच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर त्या खेपांची संख्या तीननं भाग जाणारी हवी. हे वेड त्यांना म्हातारपणीही सुटलं नाही.

फिरणारं चुंबकत्व

१८७५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते ग्राझच्या तंत्रशाळेत गेले. तिथं वर्गात विजेचं एक यंत्र आलं. चालू केलं की त्याच्या ब्रशांमधून ठिणग्या उडत. हे ब्रशच काढून टाकता येतील, असं या विद्यार्थ्याचं म्हणणं. ते अशक्य आहे हे दाखवायला प्राध्यापकांनी अख्खा तास खर्ची घातला. टेस्ला गप्प बसले, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. पुढे अभ्यास रखडला, जुगाराची सवय लागली, आणि पदवी न घेताच ग्राझ सुटलं.

उत्तर सापडलं १८८२ मध्ये, बुडापेस्टच्या एका बागेत मित्राबरोबर फिरताना. टेस्ला तेव्हा तिथल्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. संध्याकाळच्या वेळी चालता चालता त्यांना एकदम सगळं दिसलं आणि त्यांनी काठीनं मातीत आकृती काढली. वेगवेगळ्या वेळी चढणारे-उतरणारे दोन विद्युत प्रवाह दिले तर चुंबकाला हात न लावता त्याचं क्षेत्र गोल फिरवता येतं. हे फिरणारं क्षेत्र मधल्या धातूला आपल्यामागे ओढतं. ब्रश नाही, ठिणगी नाही, स्पर्शसुद्धा नाही. दुसऱ्या वर्षी कामानिमित्त स्ट्रासबर्गला असताना त्यांनी अशी पहिली मोटर चालवूनही दाखवली.

धातूची चकती फिरली की जवळचा चुंबक ओढला जातो, हे फ्रान्सच्या आरागो यांनी १८२४ मध्येच दाखवलं होतं. त्याची कामाला जुंपता येईल अशी मोटर केली ती टेस्ला यांनी.

खंदक खणणारा इंजिनिअर

जून १८८४ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. स्वतःच सांगत त्याप्रमाणे खिशात ४ सेंट होते. एडिसन यांच्याकडे काम मिळालं, पण पैशांवरून बिनसलं आणि काही महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. मग काही भांडवलदारांच्या मदतीनं कंपनी काढली. काम झाल्यावर त्या लोकांनी त्यांनाच बाहेर केलं. १८८६-८७ चा हिवाळा या माणसानं रोजंदारीवर खंदक खणून काढला. दिवसाला २ डॉलर.

१८८८ मध्ये दिवस पालटले. १ मे रोजी मोटर आणि वीजवहनाची पेटंटं मिळाली, आणि त्याच उन्हाळ्यात जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी ती घेतली. अश्वशक्तीमागे अडीच डॉलर रॉयल्टी ठरली. १८९३ मध्ये शिकागोचं जागतिक प्रदर्शन याच पद्धतीच्या विजेनं उजळलं. नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली. पुढे वेस्टिंगहाउस कंपनी अडचणीत आल्यावर टेस्ला यांनी रॉयल्टीचा हक्क सोडला आणि ठोक रकमेवर समाधान मानलं. तो हक्क राहिला असता तर पुढचे हाल झाले नसते.

ही वीज आपल्या भागात यायलाही फार वेळ लागला नाही. १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज जवळपास दीडशे किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींत गेली. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. सीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, पिठाच्या गिरणीची मोटर आजही त्याच फिरत्या चुंबकत्वावर चालते.

याच काळातला आणखी एक धागा बेळगावशी जुळतो. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात राहिले होते, तिथून ते गोव्याला गेले. पुढे फेब्रुवारी १८९६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांची टेस्ला यांच्याशी भेट झाली. प्राण आणि आकाश या कल्पना ऐकून टेस्ला भारावले. द्रव्य आणि शक्ती एकच आहेत हे गणितानं मांडता येईल, असं त्यांना वाटत असल्याचं स्वामीजींनी पत्रात कळवलं. ते गणित टेस्ला यांच्याकडून झालं नाही.

मनोरा गेला, काटा आला

१३ मार्च १८९५ ला त्यांची प्रयोगशाळा आगीत खाक झाली. १८९९ मध्ये कोलोरॅडोत त्यांनी कृत्रिम विजा पाडून दाखवल्या. १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गन यांच्या दीड लाख डॉलरवर न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफचा मनोरा उभा राहू लागला. तारेशिवाय संदेश आणि पुढे वीजही जगभर पाठवायची, असा बेत होता. खर्च वाढत गेला, मॉर्गन यांनी हात आखडला, काम अर्ध्यावर थांबलं.

पोटापाण्यासाठी टेस्ला पुन्हा यंत्रांकडे वळले, आणि लहानपणचं पाणचाक आठवलं. १९०६ मध्ये पाती नसलेली टर्बाइन तयार झाली. गुळगुळीत चकत्यांची चवड आणि त्यांमधून जाणारी वाफ. १९१३ मध्ये तिचं पेटंट मिळालं, पण बाजारात ती चालली नाही.

मग त्यांनी तीच गोष्ट लहान करून पाहिली. वाहता प्रवाह चकतीला ओढतो, तसा फिरणारा भाग प्रवाहाला ओढणारच. १९१४ मध्ये त्यांनी वेगमापकाच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९ डिसेंबर १९१६ रोजी तो मंजूर झाला. रचना तशी सोपी. एकात एक बसणारे दोन पेले, मध्ये हवेची अगदी बारीक फट. एक पेला गाडीच्या केबलनं फिरतो. त्याच्याबरोबर फटीतली हवा फिरते, हवा दुसऱ्या पेल्याला ओढते. दुसऱ्या पेल्याला स्प्रिंग आहे, म्हणून तो गरगर न फिरता थोडा वळून थांबतो. जितका वेग, तितकं वळण. त्यालाच काटा जोडला.

यातली खुबी दिसायला छोटी आहे. त्या काळी वजनांच्या गोळ्यांवर चालणारे वेगमापक होते. गोळे फिरताना बाहेर फेकले जातात, पण तो जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्यामुळे तबकडीवर सुरुवातीचे आकडे दाटीवाटीनं आणि पुढचे लांब लांब पडत. टेस्ला यांच्या मीटरमध्ये दहाची प्रत्येक घर सारखी. वीसवर काटा जितका खरा, तितकाच साठवर.

अमेरिकेतल्या वॉल्थम या घड्याळांच्या कंपनीनं हे मीटर बनवायला घेतलं. रोल्स-रॉइस, पिअर्स-अॅरो, लिंकन अशा महागड्या गाड्यांत ते बसलं. घड्याळजीच्या हातचं काम, तेव्हा किंमतही तशीच.

ट्रकवाल्यांच्या वाट्याला आलं ते स्वस्त मीटर. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. त्यात केबल एक लहान चुंबक फिरवते आणि भोवतालची अॅल्युमिनियमची वाटी त्याच्यामागे ओढली जाते. वाटीला स्प्रिंग आणि काटा. शोध शुल्झे यांचा, पण तत्त्व तेच फिरत्या चुंबकानं धातू ओढण्याचं, जे टेस्ला यांनी बुडापेस्टच्या मातीत रेखाटलं होतं. पुढची कितीतरी दशकं जगभरच्या ट्रकांत हेच मीटर फिरलं.

नादारीचं वर्ष

पेटंट मंजूर झालं ते १९१६ साल टेस्ला यांना फार कठीण गेलं. न्यूयॉर्क शहरानं थकलेल्या ९३५ डॉलर करासाठी त्यांना कोर्टात खेचलं. आपल्याकडे काही उरलेलं नाही, उधारीवर दिवस काढतो आहोत, हे त्यांना शपथेवर सांगावं लागलं. राहत्या हॉटेलचं बिल थकल्यामुळे वॉर्डनक्लिफची जागा आधीच त्या हॉटेलच्या नावावर गेली होती. १९१७ मध्ये मनोरा पाडून भंगारात काढला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांनी त्यांना आपलं सर्वांत मोठं पदक दिलं. त्या पदकावर नाव होतं एडिसन यांचं.

वेगमापकाची थोडीफार रॉयल्टी वॉल्थमकडून येत राहिली. १९१८ मध्ये वेगमापकाचं आणखी एक पेटंट मिळालं, पाठोपाठ जहाजाचा वेग मोजणारं यंत्र झालं. जग उजळवणाऱ्या माणसाला उतारवयात आधार दिला तो असल्या लहान मीटरांनी.

दुसऱ्यासाठी इतका चोख काटा करणाऱ्या या माणसानं स्वतःच्या आयुष्याचं मीटर मात्र कधी जुळवून घेतलं नाही. भांडवलदार बदलले, बाजार बदलला, रेडिओच्या शर्यतीत मार्कोनी पुढे निघून गेले. टेस्ला आपल्या जुन्या हिशोबानंच चालत राहिले. पुढच्या वर्षी मनोरा होईल, पुढच्या वर्षी पैसे येतील.

टायर बदलला, आता मीटरचं काय?

टेस्ला यांच्या त्या सारख्या घरांच्या तबकडीत आजच्या गाडीवाल्यासाठी एक कामाची गोष्ट दडलेली आहे. ९.००-२० टायरचा व्यास सुमारे १,०२० मिलिमीटर भरतो, १०.००-२० चा सुमारे १,०५५. फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणून काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ ने जात असते. काटा ८० वर असेल तर खरा वेग ८३ च्या घरात.

अॅक्सलमधला बदल याहून भारी पडतो. समजा आधी शाफ्टच्या ६ फेऱ्यांत चाकाची एक फेरी व्हायची आणि नव्या क्राउन-पिनियननं ती ५ फेऱ्यांत होते. मीटर शाफ्टवरून चालत असेल तर काटा ५० वर असताना गाडी प्रत्यक्षात ६० ने धावते. वळणावर, उतारावर, भरल्या गाडीला ब्रेक लावताना हे दहा किलोमीटर फार महागात पडतात. वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र त्याच खुणेवर चालत असेल तर तेही फसतं. किलोमीटरचा आकडा कमी पडतो, मग डिझेलचं अॅव्हरेज, ऑइल बदलायची वेळ आणि भाड्याचा हिशोब, सगळंच चुकतं. काट्यानं खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्त दाखवलं तर चालतं, कमी दाखवलेलं चालत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामागचं कारण हेच.

काही जण काटा काढून दोन घरं पुढे बसवून देतात. तो उपाय नाही. चूक टक्क्यांत असते, वेगाबरोबर वाढते. ६० ला जुळवलेला काटा ३० ला पुन्हा चुकतो, आणि गाडी उभी असतानाही दोन किलोमीटरनं पळते असं दाखवतो. पटीतली चूक पटीनंच सुधारावी लागते.

त्यासाठी आधी मोजायचं. भरलेल्या गाडीच्या टायरवर आणि खाली रस्त्यावर खडूनं खूण करायची, चाकाच्या दहा फेऱ्या सरळ रेषेत पुढे घ्यायच्या, टेपनं अंतर मोजून दहानं भागायचं. हा झाला खरा घेर. नाहीतर हमरस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर दहा किलोमीटर जाऊन मीटर किती दाखवतो ते पाहायचं. खऱ्या अंतराला दाखवलेल्या अंतरानं भागलं की दुरुस्तीचा आकडा हाती येतो.

केबलच्या मीटरमध्ये गिअरबॉक्सपाशी केबल फिरवणारं लहान दातेरी चाक असतं. मोठ्या टायरनं काटा मागे पडला तर केबल जास्त फिरायला हवी, म्हणजे या चाकाला दाते कमी हवेत. वरच्या टायरच्या उदाहरणात ३० दात्यांच्या जागी २९ बसवले की साडेतीन टक्के भरून निघतात. अॅक्सलच्या उदाहरणात ३० च्या जागी २५ लागतील. एवढा फरक त्या जागेत मावत नसेल तर केबलच्या वाटेत गिअरची छोटी डबी बसवतात. इलेक्ट्रॉनिक मीटरला दाते नसतात, तिथं सेन्सर फेऱ्यांचे ठोके मोजतो. वर्कशॉपमध्ये नवा घेर किंवा नवं गुणोत्तर संगणकातून भरून घ्यावं लागतं. आणि शेवटी दगडांवर पुन्हा एकदा पडताळा. टायर झिजला की व्यास दोन-अडीच टक्क्यांनी उतरतो, हेही ध्यानात ठेवायचं.

रस्त्यावरचा अपघात

उतारवयात टेस्ला एकटेच होते. लग्न केलेलं नव्हतं. १९३४ पासून ते हॉटेल न्यूयॉर्करमध्ये राहिले. वेस्टिंगहाउस कंपनी खोलीचं भाडं भरायची आणि महिना १२५ डॉलर द्यायची. ३३ व्या मजल्यावरची खोली, नंबर ३३२७. हा आकडाही तीननं भाग जाणारा. रोज बाहेर पडून कबुतरांना दाणे घालायचे, हा नेम.

१९३७ मध्ये असंच बाहेर पडलेले असताना रस्ता ओलांडताना एका टॅक्सीनं त्यांना उडवलं. वय ८१. पाठीला मार बसला, बरगड्या मोडल्या. त्यांनी डॉक्टरला बोलवू दिलं नाही. अंथरुणाला खिळले, तरी कबुतरांच्या दाण्यांची व्यवस्था लावली. त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत. ७ जानेवारी १९४३ ला त्याच खोलीत झोपेतच गेले. अंत्ययात्रेला सुमारे दोन हजार माणसं आली. अस्थी पुढे बेलग्रेडच्या संग्रहालयात नेल्या. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजणाऱ्या एककाला टेस्ला हे नाव मिळालं.

गाडीच्या काट्यासाठी डोकं चालवणारा माणूस गाडीखालीच सापडला, असं म्हणायला सोपं आहे. पण आपली गाडी किती वेगात आहे हे चालवणाऱ्याला नीट कळलं तर रस्त्यावरचा म्हातारा वाचतो, एवढं तरी त्यातून घेता येतं. चांगलं मीटर टेस्ला यांनी आणि शुल्झे यांनी करून दिलं. चाक बदलल्यावर ते जुळवून घेणं हे गाडीवाल्याचं काम आहे, आणि ते गॅरेजमधल्या अर्ध्या दिवसात होतं.